चांदीचे ताट व अरुंद गल्ली

आपल्या मराठीत ‘स्त्रीदाक्षिण्य’ हा शब्द चांगलाच रुळलेला आहे. आगगाडीत एखाद्या बाईला जागा करून दिली, किंवा दारात तिला अगोदर वाट दिली, की या शब्दाची आठवण होते, आणि पुष्कळदा ती थोड्या थट्टेनेच होते. शब्द मात्र थट्टेचा नव्हे. दक्षिण म्हणजे उजवा; त्यावरून कुशल, समर्थ; आणि त्यावरूनच सरळ व अनुकूल मनाचा. ज्याच्या हातात बळ आहे त्याच्या मनाचा मऊपणा, ते दाक्षिण्य. इंग्रजीतील ‘शिव्हल्री’ या शब्दाचे मूळ अगदी निराळे. ते थेट पागेत जाते. फ्रेंच भाषेत घोड्याला ‘शव्हाल’ आणि घोडेस्वाराला ‘शव्हालिए’ म्हणतात. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्यांचे शिक्षण पोर्तुगीज भाषेत झाले त्यांना ठाऊक असेल, की ‘कावालेइरो’ म्हणजे घोडेस्वार, आणि उच्चाराच्या किंचित फरकाने ‘कावाल्येइरो’ म्हणजे सभ्य गृहस्थ. मराठ्यांच्या फौजेत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर व स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. युरोपातला हा शव्हालिए म्हणजे एक प्रकारे शिलेदारच होय.

घोड्यावर बसून तलवार चालवणाऱ्या माणसाच्या नावावरून सभ्यतेला नाव पडावे, याचे मला फार दिवस नवल वाटत असे. तो घोड्यावरून उतरला केव्हा, आणि कोणासाठी? या प्रश्नाचे उत्तर दगडात बांधलेले जर कोठे पाहावयास मिळत असेल, तर ते माल्टा बेटाची राजधानी जी व्हॅलेटा नगरी, तेथे. काही दिवस त्या नगरीत राहण्याचा योग आला. तिच्यातील दोन जागांविषयी येथे लिहितो. त्यांपैकी एक जागा फार लांब आहे व दुसरी फार अरुंद.

माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेस असलेली चिमुकली बेटे. सर्व मिळून क्षेत्रफळ सुमारे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या दशांशाहूनही कमी. डोंगर नाहीत, नद्या नाहीत. आहे तो मधासारख्या पिवळट रंगाचा मऊ दगड, आणि त्याच दगडाची घरे, देवळे, तट, कुंपणे. व्हॅलेटा ही दोन बंदरांच्या मधोमध समुद्रात शिरलेल्या उंचवट्यावर वसली आहे. १५६५ साली तुर्कांचा मोठा वेढा उठल्यानंतर पुढल्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, तिची कोनशिला बसवली गेली, आणि वेढ्यात झुंजलेले ग्रँड मास्टर जाँ द ला व्हॅलेट यांचे नाव तिला मिळाले. रस्ते सरळ आखलेले. परंतु उंचवटा दोन्ही अंगांनी समुद्राकडे उतरत असल्यामुळे पुष्कळ आडरस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी या नगरीत जपून हिंडावे.

ही नगरी बांधली संत योहानाच्या संघाने. या संघातील लोक शिलेदार होते आणि संन्यस्तही होते. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांची शपथ घेतलेले. त्यांच्या अंगरख्यावर आठ टोकांचा पांढरा क्रूस असे. डोंगरावरील प्रवचनातील आठ धन्यवादांची ती खूण, असे परंपरा सांगते. संघाचा आरंभ मात्र लढाईत झालेला नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमेत गेरार्ड नावाचे एक सत्पुरुष आजारी यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा चालवीत होते. १११३ साली पोप दुसरे पास्काल यांनी तिला आपल्या आश्रयाखाली घेतले. तलवार या संघाच्या हातात नंतर आली. अगोदर हातात होते ते रुग्णाचे भांडे. ‘हॉस्पिटल’ शब्दाचे लॅटिन मूळ पाहिले तर त्यात रोग नाही, औषध नाही. त्यात आहे पाहुणा. आपण ‘इस्पितळ’ म्हणतो तो शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आला, तेव्हा आपल्या नकळत आपणही पाहुणचाराचेच नाव घेत असतो.

गेरार्ड यांच्या मागून आलेले रेमाँ द्यु प्युई यांनी संघाला नियमावली दिली. तिच्यातील रुग्णांविषयीचा नियम असा, की आजारी माणूस दाराशी आला म्हणजे त्याने प्रथम पापनिवेदन करावे, परमप्रसाद घ्यावा. मग त्याला पलंगावर नेऊन, तो जणू या घराचा धनी आहे असे समजून, संघातील बंधू जेवावयास बसण्यापूर्वी रोज त्याला जेवू घालावे. रोगी हा ‘धनी’! शरणागत नव्हे, उपकाराखाली वाकलेला भिकारी नव्हे. संघाच्या बोलीत पुढे ‘आमचे धनी, आमचे रुग्ण’ असा शब्दप्रयोगच पडला आणि तो आजतागायत आहे. त्या यरुशलेमच्या इस्पितळात मुसलमान व यहुदी रुग्णांनाही दार उघडे असे.

परंतु नुसत्या मोठ्या शब्दाने काय होते? पाहुण्याला ‘आपलेच घर समजा’ असे आपणही म्हणतो आणि मग तासभर त्याला पाणी विचारत नाही. म्हणून मला त्या नियमापेक्षा ११८२ सालची, रोजे द मुलँ यांच्या कारकिर्दीतील एक तपशीलवार आज्ञा अधिक मोलाची वाटते. तीत सांगितले आहे, की पलंग माणसाला नीट पाय पसरता येतील असे लांबरुंद असावेत आणि प्रत्येकास त्याचे त्याचे पांघरूण असावे. प्रत्येक रुग्णाला शौचास जाण्यायेण्यासाठी मेंढीच्या कातड्याचा एक झगा, पायात घालावयास जोडे आणि डोक्याला लोकरीची टोपी द्यावी. यात्रेला आलेल्या ज्या स्त्रिया तेथे बाळंत होतील त्यांच्या बाळांसाठी लहान पाळणे करावेत, म्हणजे आईच्या कूस बदलण्याने बाळाला इजा होणार नाही.

वाचकहो, या आज्ञेवर क्षणभर थांबावेसे वाटते. रात्रीच्या वेळी, थंडीत, तापाने फणफणलेल्या परक्या माणसाला अनवाणी पायांनी शौचकूपाकडे जावे लागते, ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली तो माणूस खरा सभ्य. कोणी मागितले नव्हते. आजारी माणूस अशी गोष्ट मागतही नाही. त्याला लाज वाटते. समोरच्याला मागण्याची लाज पडू न देता त्याची गरज अगोदरच ओळखणे, याला मी दाक्षिण्याचा गाभा म्हणतो. आणि हे शिलेदारांच्या संघाच्या लेखी आज्ञेत आहे, एखाद्या कनवाळू आजीच्या आठवणीत नव्हे.

यरुशलेम हातचे गेले. संघ पुढे रोड्स बेटावर दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिला, तेथूनही १५२३ च्या आरंभी निघाला आणि १५३० मध्ये माल्ट्यास आला. जेथे जाई तेथे तो इस्पितळ उभारी. व्हॅलेटा नगरीचे इस्पितळ १५७४ साली बांधावयास घेतले. ते शहराच्या खालच्या टोकाला, सेंट एल्मोच्या किल्ल्याजवळ, मोठ्या बंदराच्या अगदी काठावर आहे. गलबतावरील आजाऱ्यांना फार लांब न्यावे लागू नये. हीच मी म्हटली ती लांब जागा. तिच्यातील मोठे दालन सुमारे १५५ मीटर, म्हणजे पाचशे फुटांहून लांब आहे. एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाचा माणूस बाहुलीएवढा दिसतो. खिडक्या उंच, छत लाकडी, आणि भिंती त्याच मऊ दगडाच्या. या दालनात दोन्ही बाजूंना पलंगांच्या रांगा असत, आणि पलंगावर एकच रुग्ण असे. त्याच काळी पॅरिसच्या प्रसिद्ध इस्पितळात एका बिछान्यावर कित्येक रोगी दाटीवाटीने निजवले जात, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या गोष्टीची किंमत कळते.

येथे रुग्णांना जेवण चांदीच्या ताटांतून व वाडग्यांतून वाढले जाई. चांदी धुण्यास सोपी व स्वच्छ राहते, हे एक कारण. धन्याला साजेल असे भांडे असावे, हे दुसरे. आणि वाढत कोण? संघातील शिलेदार. संघाचे लोक मायभाषेप्रमाणे गटांत विभागलेले होते, प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, फ्रान्स, इटली, आरागॉन, जर्मनी वगैरे. आणि इस्पितळातील सेवेचे दिवस या गटांना वाटून दिलेले होते. ज्यांच्या घरी बापजाद्यांपासून दहा नोकर ताट मांडावयास असत अशा घराण्यांतील तरुण मुले त्या दिवशी एखाद्या नावाड्याच्या, एखाद्या हमालाच्या पलंगापाशी रस्सा व पाव घेऊन उभी राहत. शिलेदार घोड्यावरून उतरला तो येथे.

त्या ताटावरून मला आपल्या खेड्यांतील कपाची आठवण झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या पुष्कळ घरांत, आणि दुःखाने म्हणावे लागते की ख्रिस्ती घरांतही, शेतावर राबावयास येणाऱ्या गड्यासाठी किंवा विशिष्ट वस्तीतल्या बाईसाठी एक वेगळा कप ठेवलेला असे. तो बहुधा कान तुटलेला. पडवीच्या कोनाड्यात पालथा घातलेला. चहा प्यायल्यावर ज्याने त्याने तो विसळून पुन्हा तेथेच ठेवायचा. बोलणे गोड असे. ‘ये रे, बस रे, चहा घे,’ सर्व काही असे. फक्त कप तेवढा वेगळा. काही ठिकाणी तो कोनाडा अजून रिकामा झालेला नाही. देवळात सगळे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात, आणि घरी आल्यावर कपाला जात फुटते. गोड बोलणे ही सभ्यतेची सर्वात स्वस्त वस्तू आहे. भांडे कोणते पुढे केले हे पाहावे.

आता दुसरी जागा. इस्पितळाच्या चढावरून वर गावात आले, की मोठ्या रस्त्याला समांतर अशी एक चिंचोळी गल्ली लागते. तिचे नावच ‘अरुंद रस्ता’ असे आहे. काही ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात टेकतील की काय असे वाटते. संघाच्या नियमांप्रमाणे द्वंद्वयुद्धाला बंदी होती. परंतु या गल्लीत दोन शिलेदारांची तलवारीने गाठ पडली तर तो अचानक घडलेला प्रसंग समजून काणाडोळा केला जाई. १७७० साली पॅट्रिक ब्रायडन नावाचा एक स्कॉटिश प्रवासी येथे आला होता. त्याच्या १७७३ च्या पुस्तकात या गल्लीचा मोठा मजेदार वृत्तांत आहे. तो सांगतो, की कोणी स्त्रीने, धर्मगुरूने किंवा दुसऱ्या शिलेदाराने ‘थांबा’ म्हटले, की दोघांनीही तलवार म्यान केलीच पाहिजे असा दंडक होता. बाईच्या एका शब्दावर तलवार म्यान! शिव्हल्रीच्या गोष्टी वाचून आपण जे चित्र मनात रंगवतो ते नेमके हेच.

पण त्याच पुस्तकात पुढे एक हकीकत आहे. बिलियर्ड खेळताना दोघा शिलेदारांचे भांडण झाले. एकाने दुसऱ्याला शिवीगाळ केली, वर एक तडाखाही दिला, आणि मग द्वंद्वाला उभा राहण्याचे मात्र साफ नाकारले. त्याला शिक्षा झाली ती अशी: पंचेचाळीस दिवस संत योहानाच्या मोठ्या देवळात सर्वांदेखत क्षमायाचना, त्यानंतर पाच वर्षे अंधारकोठडी, आणि पुढे जन्मभर किल्ल्यात कैद. आता पाहा, शिवी दिली व हात उगारला हा त्याचा खरा अपराध. पण माल्ट्यातील मंडळींना धक्का बसला तो त्याचा नव्हे. द्वंद्वाला नाही म्हटले, याचा बसला. त्याने दुसऱ्याची माफी मागून तेथल्या तेथे हात धरला असता, तर त्याची गणना बहुधा भित्र्यांतच झाली असती. संघाच्या नियमात बंदी असलेली गोष्ट न केल्याबद्दल अंधारकोठडी! मान आणि मानभावीपणा यांची गल्लत झाली म्हणजे शहाण्यांच्या सभेलाही असा निवाडा सुचतो. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत ‘मला अगोदर बोलावले नाही’ म्हणून उठून जाणारे आणि मग तीन पिढ्या ते वैर जपणारे या गल्लीचेच रहिवासी होत.

आणि स्त्रीदाक्षिण्याचे म्हणाल, तर तलवार म्यान करणाऱ्या या नगरीत ते लांबलचक दालन पुरुषांसाठीच होते. आजारी बायकांसाठी सतराव्या शतकात, १६२५ च्या सुमारास, वेगळे रुग्णालय उभे राहिले, ते कातेरीना स्काप्पी या बाईने काढले. ती मूळची इटलीतील सिएना नगरीची. १६४३ साली ती वारली. तिचे स्मारक व्हॅलेटा येथील कार्मेलच्या देवळात आहे. संत योहानाच्या देवळात शिलेदारांच्या सुमारे चारशे थडग्यांच्या रंगीबेरंगी संगमरवरी शिळांनी जमीन मढलेली आहे, आणि टोकदार टाचांची पादत्राणे घालून आत जाण्यास मनाई आहे, शिळांना इजा होते म्हणून. तेथे दिवसभर प्रवाशांची रीघ असते. कातेरीनाबाईंना विचारणारा मला तरी त्या दिवशी कोणी दिसला नाही.

एक गोष्ट मी टाळली असती, पण ती टाळून हे वर्णन खरे होणार नाही. इस्पितळात रुग्णाला धनी म्हणणाऱ्या याच संघाची गलबते समुद्रावर मुसलमान जहाजांना गाठत आणि त्यांवरील माणसांना पकडून गुलाम करीत. त्यांना वल्ह्यांशी साखळदंडाने बांधले जाई. जमिनीवर असले म्हणजे रात्री ते तुरुंगात कोंडलेले. समोरच्या किनाऱ्यावरील चाचेही हेच करीत. १५५१ साली माल्ट्याशेजारच्या गोझो बेटावरील जवळजवळ सर्व वस्ती तुर्कांनी गुलाम करून नेली होती. पण दुसऱ्याच्या पापाने आपले पाप धुतले जात नाही. १७४९ साली गुलामांनी बंडाचा कट केला, तो फुटला, आणि पुढाऱ्यांना क्रूर देहदंड झाले. गुलाम आजारी पडला तर त्याच इस्पितळात त्याच्यावरही उपचार होत, वेगळ्या खोलीत. बरा झाला की पुन्हा वल्हे. सकाळी दालनात रस्सा वाढणारा हात आणि गलबतावर साखळीची किल्ली फिरवणारा हात एकाच माणसाचे असू शकत, आणि त्या माणसाला त्यात विसंगत असे काहीच वाटत नसावे. दाक्षिण्याला एक उंबरठा होता, इतकेच. त्याच्या पलीकडे ते जात नसे.

दालनातही ते टिकले नाही. १७८६ साली जॉन हॉवर्ड हे इंग्रज गृहस्थ, ज्यांनी युरोपभरचे तुरुंग व इस्पितळे पाहून त्यांच्या सुधारणेसाठी आयुष्य वेचले, ते येथे आले. चांदी होतीच. परंतु वॉर्ड घाण, दुर्गंधी झाकण्यासाठी सुगंधी द्रव्ये जाळलेली, आणि सेवक गबाळे व निर्दय, असे त्यांना आढळले. मग ते ग्रँड मास्टरांच्या पागेत गेले. तेथे जनावरांच्या मानाने नोकर किती तरी अधिक, आणि सर्व काही लख्ख! शिलेदार पुन्हा घोड्यापाशी परतले होते. ताट तेच होते, ‘धनी’ हा शब्दही तोच होता. वाढणारे मात्र भाडोत्री झाले होते आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांचे मन दुसरीकडे लागले होते. वाईट माणसे आली म्हणून हे झाले असे मला वाटत नाही. पाळी चुकवली, ‘आज माझ्याऐवजी तू जा’ असे म्हटले, आणि ज्याला पाठवले त्यानेही पुढे दुसऱ्याला पाठवले. मोठ्या घरांतील पाहुणचार असाच नोकरांच्या हाती जातो.

त्यानंतर बारा वर्षांनी, जून १७९८ मध्ये, नेपोलियनचे आरमार बंदरात शिरले. संघाने फारसा प्रतिकार केला नाही. इस्पितळातील चांदी वितळवली गेली. त्याच नेपोलियनने गुलामांची मुक्तता केली, हेही येथे लिहिले पाहिजे. इमारतीत पुढे फ्रेंच व मग इंग्रज लष्कराचे रुग्णालय राहिले, दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर बाँब पडले, आणि १९७९ पासून डागडुजी करून तेथे परिषदांचे केंद्र झाले आहे. संघ मात्र मेला नाही. त्याचे ठाणे आता रोममध्ये आहे; हाती ना गलबते, ना घोडे, ना गुलाम. दरवर्षी मे महिन्याच्या आरंभी त्याचे लोक देशोदेशींच्या आजाऱ्यांना घेऊन लूर्दला जातात. आजाऱ्याला तीन चाकांच्या निळ्या गाडीत बसवतात, आणि संघातील स्त्रीपुरुष ती गाडी स्वतः ओढतात. ज्या जागी पूर्वी घोडा असे तेथे आता खुद्द शिलेदार आहे. मला हे चित्र तलवारीच्या कोणत्याही चित्रापेक्षा पुरुषार्थाचे वाटते.

मी त्या लांब दालनात गेलो तेव्हा सायंकाळच्या मेजवानीची तयारी चालली होती. पलंगांच्या जागी गोल मेजे, त्यांवर पांढरे अभ्रे, आणि काही तरुण मुले काटे-चमचे मांडत होती. त्यांत दोघे भारतीय दिसले. माल्ट्यात हल्ली आपल्या देशातील पुष्कळ लोक पोटासाठी आले आहेत, कोणी परिचारिका, कोणी स्वयंपाकी, कोणी घरोघर जेवण पोहोचवणारे. उंच पायऱ्यांच्या त्या गल्ल्यांतून पाठीवर खोके घेऊन चढणारा मुलगा दिसला, की ज्या घराचे दार उघडते तेथून त्याला काय शब्द मिळतो याकडे माझे कान आपोआप लागत. बहुतेक दारे आभार मानून मिटत. काही नुसतीच मिटत. एका म्हाताऱ्या बाईने मात्र पिशवी घेतल्यावर त्याला खुणेने थांबवले आणि पेलाभर पाणी आणून दिले. काचेच्या पेल्यात, घरातल्यांचा होता तोच असावा.

या लोकांची भाषा मोठी विलक्षण आहे. मूळ अरबी, वर इटालियनचा साज, आणि लिपी रोमन. हे कॅथॉलिक लोक देवाला ‘अल्ला’ म्हणतात, आणि आपल्या प्रायश्चित्तकाळाला ‘रंदान’. रमजानचाच तो शब्द. ज्यांना त्यांच्या राज्यकर्त्यांनी वल्ह्यांना बांधले त्यांचीच बोली रोजच्या प्रार्थनेत आहे. ‘कृपा करून’ म्हणण्यासाठी त्यांचा जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘तुम्हाला आवडत असेल तर’. आणि निरोप घेताना ते ‘साह्हा’ म्हणतात, म्हणजे आरोग्य. इस्पितळाच्या दारावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने मला निघताना तेच म्हटले. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, त्या सवयीने माझ्या तोंडून ‘येतो’ असे निघून गेले. त्याला अर्थातच काही कळले नाही; पण त्याने मान हलवली आणि दार माझ्या मागे कोणी येत आहे का ते पाहून, मग हळूच लोटले.